आपला कोणता?

परवा भर चित्रपटगृहात मागच्या रांगेतून आवाज आला, "अहो, जरा गप्प बसता का?" तो शेजारच्या गृहस्थांना उद्देशून नव्हता, मला होता, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. संपूर्ण चित्रपटात मी मोठ्याने असे एकच वाक्य बोललो होतो. गृहस्थ पहिल्या दृश्यापासून बोलत होते, पण त्यांनी कुजबुजीवर असे काही प्रभुत्व मिळवलेले होते की त्यांचे बोलणे माझ्या उजव्या कानापलीकडे जातच नव्हते.

चित्रपट नेहमीच्या घाटाचा होता. समुद्रातून एक अजस्र प्राणी वर येतो, जमिनीतून दुसरा निघतो आणि दोघांची गाठ अशा एका शहरात पडते, ज्याने त्या दोघांपैकी कोणाचेही घोडे मारलेले नसते. वेळ अर्थातच रात्रीची आणि पाऊस अर्थातच मुसळधार.

गृहस्थ साठीच्या आसपासचे होते. स्वतःच्या चष्म्यावर त्यांनी थ्रीडीचा चष्मा चढवला होता आणि वरचा घसरू नये म्हणून एक बोट सतत नाकाच्या शेंड्यावर धरून ठेवले होते. त्या अवस्थेतच ते माझ्याकडे झुकले.

"यात आपला कोणता?"

"समुद्रातून आला तो."

"आणि जमिनीतून आला तो?"

"तो वाईट."

"पण इमारती तर आपलाच पाडतोय."

यावर मजजवळ उत्तर नव्हते. पडद्यावरील शास्त्रज्ञबाईंपाशीही नसावे, कारण त्या बराच वेळ तोंड उघडे ठेवून आकाशाकडे पाहत उभ्या होत्या. एवढ्यात दोन्ही प्राणी एकमेकांना भिडले आणि पडद्यावर ओल्या, काळ्या कातडीखेरीज काही उरले नाही.

"ही शेपूट कोणाची?"

"आपल्याची असावी."

"आपल्याची तर मघाशी तुटली ना?"

"नाही, ती त्याची तुटली."

"मग तो बिनशेपटीचा दिसायला हवा. इथे तर दोन शेपट्या आहेत."

मी नीट पाहिले आणि मला तीन दिसल्या. हे मी त्यांना सांगितले नाही. गृहस्थांनी मग दोन्ही चष्मे कपाळावर चढवले, काही क्षण उघड्या डोळ्यांनी पडदा न्याहाळला आणि एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष कळवावा तशा गांभीर्याने म्हणाले, "वरचा काढला की उजेड येतो, पण चित्र जातं. घातला की चित्र येतं, पण उजेड जातो." थ्रीडी तंत्राविषयी याहून नेमके विधान मी कोणत्याही समीक्षकाकडून ऐकलेले नाही. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी प्रचंड कोसळले.

"मेला," गृहस्थ म्हणाले.

"कोण?"

"ते तुम्ही सांगायचं. तुमचे डोळे तरुण आहेत."

"अहो काका, मलाही काही दिसत नाहीये!" हे माझे ते वाक्य. पडद्यावर जो कोणी मेला होता त्याच्यासाठी नेमके त्याच क्षणी संगीत थांबवून शांतता राखण्यात आली होती. मागून ती सूचना आली, पुढचे तीन-चार जण वळून पाहू लागले, आणि काका माझ्यापासून किंचित दूर सरकून, आपला आणि माझा काही संबंध नाही अशा चेहऱ्याने पडद्याकडे पाहत राहिले.

आता संताप असा, की त्यांचा एकही प्रश्न गैर नव्हता. ज्याच्यासाठी तिकीट काढले ते दिसावे, इतकीच त्या बिचाऱ्यांची अपेक्षा होती. हा सारा प्रकार विज्ञानाला धरून असावा, असा तर आमचा कोणाचाच आग्रह नाही. प्राणी आकाराने वाढला तर त्याचे वजन त्याच्या हाडांच्या ताकदीपेक्षा फार वेगाने वाढते, हे गॅलिलिओने १६३८ साली छापून ठेवले आहे. १९५४ च्या पहिल्या जपानी चित्रपटातला गॉडझिला ५० मीटर उंच होता आणि २०१४ च्या अमेरिकी गॉडझिलाची उंची १०८ मीटर झाली. या हिशेबाने वजन दहापट वाढले आणि हाडांची ताकद पाचपटसुद्धा नाही, म्हणजे पहिल्याच पावलाला त्याच्या मांडीचे हाड मोडायला हवे. मी हे आनंदाने माफ करतो. अंधार मात्र माफ करवत नाही.

या अंधाराच्या समर्थनार्थ नेहमी १९७५ च्या 'जॉज'चा दाखला दिला जातो, की पाहा, तिथेही शार्क फारसा दिसत नाही. पण तो यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वरचेवर बिघडत असे, म्हणून दिग्दर्शकाला त्याला लपवणे भाग पडले आणि त्यातून भीतीची एक रीत सापडली. आताचे प्राणी संगणकात जन्मतात, त्यांना खारे पाणी लागत नाही, आणि तरीही ते बुरखा घेऊन वावरतात. पाऊस आणि काळोख असला की संगणकावरच्या कामातले कच्चे दुवे झाकले जातात, हे त्यातले उघड गुपित आहे. रात्रीलाही माझा विरोध नाही. १९५४ चा गॉडझिला टोकियोवर रात्रीच चालून येतो, पण पेटलेल्या शहराच्या उजेडात तो पाऊल कोठे टाकतो ते स्पष्ट दिसते. त्या जड रबरी पोशाखाच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा अभिनेता घामाने निथळत चालत होता, आणि प्राणी अवजड वाटावा म्हणून चित्रण जलद गतीने करून पडद्यावर ते संथ दाखवले होते. त्याची ती गर्जना तर संगीतकाराने डबल बासच्या तारांवरून कातडी हातमोजा घासून काढलेली आहे. हातमोज्यावर जे जमले, ते आजच्या अवाढव्य खर्चात का जमू नये? जमते, हेही सिद्ध झाले आहे. ताकाशी यामाझाकी यांच्या २०२३ च्या 'गॉडझिला मायनस वन'मध्ये तो प्राणी भर दिवसा, भर समुद्रात एका लाकडी बोटीच्या मागे लागतो, तेव्हा त्याच्या कातडीवरची खपली न् खपली दिसते. हे काम अवघ्या ३५ जणांच्या चमूने केले आणि २०२४ साली त्याला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले.

मारामारीच्या चित्रपटांत अंधाराचे काम कात्री करते. एका नामांकित नायकाने कुंपण ओलांडल्याचे दृश्य मी पाहिले आहे, ज्यात सहा-एक सेकंदांत डझनाहून अधिक तुकडे जोडलेले आहेत. कुंपण दिसते, बूट दिसतो, बोटे दिसतात, फक्त उडी दिसत नाही. तुकडे करण्यात पाप आहे असेही नाही. २०१५ च्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये ते सुमारे २,७०० आहेत, पण महत्त्वाची गोष्ट दर वेळी पडद्याच्या मध्यभागी ठेवलेली असल्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. 'जॉन विक'चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की तर मूळचे स्टंटमनच, त्यामुळे तिथे माणूस जिन्यावरून गडगडत खाली येतो तो पूर्ण येतो, आणि आपण त्याच्याबरोबर कण्हतो. इतरत्र मात्र एखादा माणूस स्वतःची मान धोक्यात घालून आगीतून उडी मारतो आणि नंतर कोणीतरी थंड खोलीत बसून त्या उडीची कोशिंबीर करतो. स्टंटच्या कामाला ऑस्कर द्यायचे ठरले ते २०२५ साली, तेही २०२७ पासूनच्या चित्रपटांसाठी. मिळेल त्याचे अभिनंदन, परंतु परीक्षकांना त्याने नेमके काय केले ते दिसावे म्हणून मूळ चित्रण वेगळे मागवावे लागेल, अशी मला भीती वाटते.

आणि एवढे सोसूनही उठायची सोय नाही. श्रेयनामावली संपल्यावर आणखी एक दृश्य असते, ते चुकले तर पुढचा भाग कळणार नाही असा सगळ्यांचा समज आहे, म्हणून शेकडो नावे डोळ्यांसमोरून वर सरकेपर्यंत आम्ही बसून राहिलो. अखेर एका गुहेत एक अंडे दिसले. म्हणजे मला ते अंडे वाटले. काकांच्या मते तो दगड होता, आणि त्यांना खोडून काढण्याइतका पुरावा पडद्यावर नव्हता.