सायकल चोरीला गेली, बॅटरी घरी राहिली: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. एक स्टार दिलात त्याबद्दल काही म्हणणं नाही, एवढी महाग वस्तू गेल्यावर राग येणारच. तुमचं म्हणणं असं की ॲपमधलं मोटर लॉक ही फसवणूक आहे, घरी राहिलेली बॅटरी दुसऱ्या सायकलला बसवून द्यायला आम्ही नाही म्हटलं कारण आम्हाला नवीन सायकल खपवायचीय, आणि इलेक्ट्रिक सायकल घेणं म्हणजे चोराला आणि आगीला आमंत्रण. जरा सविस्तर लिहितो, कारण हे वाचून अजून चार जण घ्यायची की नाही ते ठरवणार आहेत.

मोटर लॉकने फक्त मोटर बंद राहते, बाकी काही नाही. आणि चोर काय ती चालवत नेत नाही हो, वीस-पंचवीस किलोची सायकल दोघं जण उचलतात आणि गाडीत टाकतात, संपला विषय. त्यामुळे ॲपच्या भरवशावर सायकल उभी करू नका हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. तुम्ही स्वतःच लिहिलंय की केबल लॉक होतं आणि ते पुढच्या चाकातून घातलं होतं. केबलच्या आत पीळ दिलेल्या बारीक तारा असतात, वरून प्लास्टिक असल्यामुळे जाड दिसते, पण चांगला कटर असेल तर काही सेकंदांत तुटते. आणि पुढचं चाक क्विक रिलीजचं असेल तर तेवढं पण करायची गरज नाही, लिव्हर उघडला की चाक खांबाला तसंच राहतं आणि बाकीची सायकल निघून जाते. यू लॉक घ्या किंवा हार्डन केलेल्या स्टीलची जाड साखळी, ती फ्रेममधून घाला आणि जमिनीत पक्क्या गाडलेल्या खांबाला अडकवा. लॉकच्या आत मोकळी जागा जेवढी कमी तेवढं बरं म्हणजे पहार घालायला जागा मिळत नाही, आणि लॉक जमिनीवर टेकू देऊ नका, खाली टेकलेल्या लॉकवर हातोडा नीट बसतो. ग्राइंडर घेऊन आलेल्या माणसापुढे कुठलंच लॉक कायम टिकत नाही हे पण खरंय, पण त्याला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि बरेचसे चोर तेवढा वेळ थांबत नाहीत, शेजारची केबलवाली उचलतात. फ्रेमचा नंबर बहुतेक वेळा पेडलच्या ॲक्सलच्या खाली असतो, तुमच्या बिलावर आम्ही तो लिहिलेला आहे, पोलिसात दिला नसेल तर आजच द्या.

आता बॅटरीचं. तुम्ही ती रोज काढून वर नेत होता म्हणून वाचली, पूर्ण सायकलमधला सगळ्यात महाग पार्ट आहे तो, हे तुम्ही अगदी बरोबर केलंत. पण दुसऱ्या सायकलला मोटर बसवायला तुम्ही आणलेलं किट 48 व्होल्टचं होतं आणि तुमची बॅटरी 36 व्होल्टची आहे. 36 च्या पॅकमध्ये सेलचे दहा गट सिरीजमध्ये असतात, प्रत्येक 4.2 व्होल्टला फुल, म्हणजे पूर्ण पॅक 42 ला फुल. किटसोबत जो चार्जर होता त्यावर 54.6 छापलेलं आहे, दुकानात तुम्हाला दाखवलं पण होतं. तो या बॅटरीला लावला तर एकेका सेलवर जवळजवळ साडेपाच व्होल्ट पडू शकतात, मध्ये अडवायला फक्त आतलं बीएमएसचं कार्ड, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून जास्त चार्जिंग तोडणारं सर्किट, ते एक खराब झालं की पुढं कोणी नाही. सेल मर्यादेबाहेर चार्ज झाला की तापतो, एक पेटला की शेजारचा पेटतो, आणि जो धूर निघतो तो विषारी असतो. पिन बसते म्हणून चार्जर चालतो असं नसतं सर. घरात माणसं झोपलेली असतात, असलं जोडकाम आम्ही कोणालाच करून देत नाही, मग त्याने नवीन सायकल घेवो नाहीतर न घेवो.

तुमच्या घरच्यांना दाराजवळ चार्जिंग लावलेलं बघून भीती वाटते असं लिहिलंय, ती भीती बरोबर आहे. दारात नको, कारण काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच. सोफा-गादीपासून लांब, फरशीवर ठेवा, कंपनीचाच चार्जर, कोणीतरी जागं असताना, झालं की काढून टाका. बॅटरी फुगली, वास आला, नुसती पडलेली असताना गरम लागली तर चार्जिंगला लावू नका. आणि धूर दिसला तर ती उचलायला जाऊ नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. ओरिजिनल पॅक, ओरिजिनल चार्जर, पाणी आत गेलेलं नाही, जोरात पडलेली नाही, अशी बॅटरी पेटण्याची शक्यता फार कमी असते. खरा धोका स्वस्तातल्या पॅकचा, उघडून जोडलेल्या पॅकचा आणि चुकीच्या चार्जरचा.

एक मुद्दा मात्र तुमचा मला पूर्ण पटतो, ज्याच्याकडे रात्री सायकल आत घ्यायला जागा नाही त्याने घेताना दहादा विचार करावा. गिऱ्हाईक आलं की आम्ही रेंजच्या आधी हेच विचारतो, सायकल रात्री कुठे राहणार, आणि उत्तर रस्त्यावर असं असेल तर साधी सायकल घ्या म्हणून सांगतो.

तुमची बॅटरी घेऊन या, चेक करून देतो, पैसे नाही घेणार. त्याच मॉडेलची बॅटरी शोधणारं कोणी आलं तर तुमच्याशी बोलणं करून देऊ, किंवा कंपनीकडे बॅटरीशिवाय फ्रेम मिळते का ते विचारून सांगतो, तुम्हाला हवं असेल तरच. तोपर्यंत ती फुल चार्ज करून ठेवू नका आणि रिकामी पण ठेवू नका, निम्म्याच्या आसपास, थंड कोरड्या जागी, आणि अधूनमधून लेव्हल बघत जा. महिनोन्महिने रिकामी पडून पार खाली गेली तर घरी चार्जिंगला लावू नका, आधी आमच्याकडे आणा. बॅटरीची चावी पण सोबत आणा.