डिग्रीसाठी परत आलेले खेळाडू

व्हिन्स कार्टर एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, 22 हंगाम खेळला. टायलर हॅन्सबरोला तिथे फारसं नाव कमावता आलं नाही. पण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिलमधल्या स्टेडियममध्ये छताला ज्या जर्सी टांगल्या आहेत, त्यांत मान मोठा हॅन्सबरोचा. त्याचा 50 नंबर कायमचा निवृत्त झालाय, तो आता कुणालाच मिळणार नाही. कार्टरची 15 नंबरची जर्सीही वर आहे, पण ती गौरव म्हणून, तो नंबर पुढच्या मुलांना घालता येतो. नियम साधा आहे. कॉलेजकडून खेळताना जो देशातला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याचाच नंबर निवृत्त होतो. पुढे त्यानं काय कमावलं, किती जाहिराती केल्या, हे कुणी विचारत नाही. आजवर असे आठच जण झाले: जॅक कॉब, जॉर्ज ग्लॅमॅक, लेनी रोझेनब्लूथ, फिल फोर्ड, जेम्स वर्दी, मायकल जॉर्डन, अँटवन जेमिसन आणि हॅन्सबरो. हॅन्सबरो चारही वर्षं कॉलेजात राहिला, 2,872 गुण केले आणि 2009 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घेऊनच बाहेर पडला.

मी केरीला राहते, चॅपल हिलच्या जवळच. या भागात मराठी घरं बरीच आहेत. आपली मुलं इथं वाढली की शेजारच्या ड्यूक विद्यापीठाची निळी की कॅरोलिनाची फिकट निळी यावरून घरात भांडतात, आणि आईबापांनाही नाइलाजानं एक बाजू घ्यावी लागते. मी फिकट निळ्याच्या बाजूची. ती बाजू घेता घेता या खेळाडूंचं पुढे काय झालं ते वाचत गेले, आणि महाराष्ट्रातल्या एका जुन्या वादाबद्दलचं माझं मत हळूहळू पक्कं होत गेलं.

वाद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की क्रीडागुणांवरून कुरबुर सुरू होते: खेळणाऱ्यांना फुकटचे मार्क कशाला? सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आणि त्यासाठी सापडलेली बोगस प्रमाणपत्रं यावरून वर्षानुवर्षं चर्चा झडते. स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य जिंकलं तेव्हा बक्षिसाची रक्कम हरियाणापेक्षा किती कमी, यावर कितीतरी दिवस गेले. घराघरांत मात्र प्रश्न एकच असतो: खेळ की अभ्यास? सध्या तो माझ्या आतेबहिणीच्या घरात चालू आहे. तिची मुलगी नागपुरात बास्केटबॉल खेळते, यंदा बारावी झाली. एका कॉलेजनं तिला बोलावून सांगितलं, "तुम्ही फक्त आमच्याकडून खेळा, हजेरीचं आम्ही बघून घेऊ." आईला ही सोय वाटली, वडिलांना मुलीचं नुकसान. दोघांनी फोनवर माझं मत विचारलं. ते एका फोनमध्ये सांगून होण्यासारखं नव्हतं.

माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा मांडला जातोय. खेळ की अभ्यास हा निर्णय अठराव्या वर्षी एकदाच आणि कायमचा करायचा, असं आपण धरून चालतो. चॅपल हिलच्या मोठ्या खेळाडूंनी तो तसा केला नाही, आणि त्यांच्या विद्यापीठानं तो तसा करायला लावला नाही.

जॉर्डनचंच बघा. 1982 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध शेवटच्या क्षणांत त्यानं बास्केट केली आणि कॅरोलिना 63-62 नं जिंकली. तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता. 1984 ला, तिसरं वर्ष संपल्यावर, तो एनबीएत गेला. प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी त्याला अडवलं नाही, उलट जा म्हणाले. संघाचं नुकसान त्यांना दिसत होतं, पण मुलाचा फायदा त्यांनी आधी पाहिला. आणि 1986 मध्ये जॉर्डननं भूगोलाची पदवी पूर्ण केली. तोवर तो जगभर माहीत झालेला खेळाडू होता. डिग्रीवर त्याचं काहीच अडलेलं नव्हतं.

कार्टरची गोष्ट मला याहून जास्त बोलकी वाटते. तोही तिसऱ्या वर्षानंतर, 1998 मध्ये, गेला आणि सुट्ट्यांमध्ये अभ्यास करत राहिला. पदवीदान आलं 20 मे 2001 ला. त्याच दिवशी फिलाडेल्फियात त्याच्या टोरंटो संघाचा मालिकेतला सातवा, निर्णायक सामना होता. कार्टर सकाळी चॅपल हिलला गाऊन घालून समारंभात बसला, मग विमानानं फिलाडेल्फियाला पोचला आणि खेळला. शेवटचा फटका त्याच्याच हातात होता. तो हुकला आणि टोरंटो 88-87 नं हरलं. टोरंटोत त्याच्यावर टीकेची झोड उठली: सामन्याच्या दिवशी डिग्री घ्यायला जातात का? आजही हा विषय निघाला की लोक दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलतात. मी कार्टरच्या बाजूची आहे. लाखो डॉलर मिळवणाऱ्या चोविशीतल्या मुलाला आपण सुरू केलेलं पुरं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघावंसं वाटलं, यात मला काही वावगं दिसत नाही. एक बास्केट कुठल्याही दिवशी हुकते.

आणि मार्विन विल्यम्स. 2005 च्या विजेत्या संघात तो पहिल्या वर्षाचा राखीव खेळाडू होता, आणि त्याच वर्षी एनबीएच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात चॅपल हिलला वर्गात बसायला येत राहिला. पदवी मिळाली 2014 ला. म्हणजे नऊ वर्षं.

याचं श्रेय मी मोठ्या प्रमाणात डीन स्मिथ यांना देते. 1961 ते 1997 अशी 36 वर्षं ते प्रशिक्षक होते, 879 सामने जिंकले, आणि त्यांच्या 95 टक्क्यांहून जास्त खेळाडूंनी पदवी पुरी केली. बास्केट करणाऱ्यानं पास देणाऱ्याकडे बोट दाखवून त्याचे आभार मानायचे, ही त्यांनी रुजवलेली पद्धत आज आमच्या गल्लीतली दहा वर्षांची पोरंही पाळतात. 2015 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे सुमारे 180 माजी खेळाडूंना प्रत्येकी 200 डॉलरचा चेक आला: माझ्याकडून बाहेर एकदा छान जेवा. त्यात जॉर्डन होता आणि ज्यांचं नाव कुणाच्या लक्षात नाही असे बाकावरचे खेळाडूही होते.

चार्ली स्कॉटला त्यांनी 1966 मध्ये आणलं. शिष्यवृत्तीवर आलेला विद्यापीठाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तेही जिथं हॉटेलांत काळ्या माणसाला बसू देण्यावरून आंदोलनं होऊन काहीच वर्षं लोटली होती, अशा गावात. त्यानं 1969 मध्ये विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध 40 गुण केले. विभागाचा त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र दुसऱ्याची निवड झाली, आणि काही मतदारांनी त्याला सर्वोत्तम संघातही घेतलं नाही. स्कॉटला त्यात वर्णद्वेष दिसला, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. त्याचा 33 नंबर गौरवाच्या जर्सींमध्ये आहे. तोच नंबर पुढे जेमिसननं घातला आणि निवृत्तीला नेला. मी छताकडे बघते तेव्हा 33 मध्ये मला दोघंही दिसतात.

इथलं सगळं आदर्श आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. याच विद्यापीठात 1993 ते 2011 एका विभागात असे कोर्स चालले, ज्यांचा वर्गच भरत नव्हता. एक निबंध द्यायचा आणि चांगला ग्रेड घ्यायचा. 2014 च्या चौकशी अहवालात अशा विद्यार्थ्यांचा आकडा 3,100 च्या वर आला, आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या एनसीएए या संस्थेनं 2017 मध्ये शिक्षा केली नाही, कारण ते कोर्स सगळ्यांनाच खुले होते. मला तेव्हा संताप आला होता आणि अजूनही येतो. मनापासून शिकलेल्यांच्या डिग्रीवरही त्यानं शिंतोडे उडाले. नागपूरच्या त्या कॉलेजचं "हजेरीचं बघून घेऊ" याच जातीचं आहे. आपल्याकडे तर हे खेळाडूंपुरतंही उरलेलं नाही. प्रवेश कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि हजेरी कागदावर, हे अर्धा महाराष्ट्र उघडपणे करतो.

पैशाचंही तसंच. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, आणि 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. खेळाडू वर्षावर्षाला कॉलेज बदलतात. त्यांच्या घामावर इतकी वर्षं दुसरेच श्रीमंत झाले, त्यामुळे हे पैसे त्यांच्या हक्काचेच आहेत. शिवाय पैशानं मुलं थांबतातही. अर्मांडो बेकॉट पाच वर्षं चॅपल हिलला राहिला आणि विद्यापीठाचा रिबाउंडचा, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्याचा, विक्रम मोडूनच गेला. पण चार वर्षांत चार कॉलेजं बदललेल्या मुलाला डिग्री पुरी करायला परत यायचं झालं, तर तो कुठे जाणार? याचं उत्तर अमेरिकेकडे आज नाही.

म्हणून आपण अमेरिकेचा पैसा आणि झगमगाट आणायच्या मागे लागू नये. आणायचं ते परत येण्याचं दार. खेळाडूमागे उभं राहणारं कॉलेज आपल्याला नवं नाही. 1952 ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. मुंबईत नागपाड्यानं भारताचा कर्णधार अब्बास मुंतसिर घडवला, तो वस्तीतल्या बास्केटबॉल कोर्टावर. माणसं आपल्याकडे नेहमीच होती. व्यवस्था नव्हती.

आता तीही बरीचशी आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण सोडून परत येण्याची सोय आहे, आणि मिळवलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, श्रेयांक बँकेत जमा राहतात. पण त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. जॉर्डनला ती पुरली असती, कार्टरलाही. मार्विन विल्यम्सला पुरली नसती. आपल्या कबड्डीपटूची किंवा नेमबाजाची उमेदीची वर्षं अठरा ते तीस. सात वर्षांनी त्याचे श्रेयांक बाद झाले, तर तिशीत तो पुन्हा पहिल्या वर्षाला कशाला येईल? राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांसाठी ही मुदत दुप्पट करावी. त्यासाठी ना नवीन स्टेडियम लागतं, ना बक्षिसाचे कोटी.

भाचीच्या आईवडिलांना मी एवढंच सांगितलं: ज्या कॉलेजात घालाल, तिथल्या प्राचार्यांना हजेरीचं विचारू नका. दोन वर्षांनी ही भारतीय संघाच्या शिबिराला गेली आणि पाच वर्षांनी परत आली, तर हिला कुठल्या वर्गात बसवाल आणि फी कुठल्या वर्षाची घ्याल, हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.