इन्स्टॉलरच्या अपग्रेडला अर्धा दिवस देणाऱ्यांसाठी

विक्स या, विंडोजवर सॉफ्टवेअर बसवणारे इन्स्टॉलर तयार करण्याच्या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीतला इन्स्टॉलर प्रोजेक्ट पाचव्या आवृत्तीवर न्यायला अर्धा दिवस पुरतो, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ते काम स्वतः बसून करावे. नागपुरातल्या आमच्या कार्यालयात प्रत्येक नियोजन बैठकीत तेच ऐकावे लागते: ‘‘कोड तोच आहे, इन्स्टॉलर तेवढा नव्या आवृत्तीत करून टाका, कन्व्हर्टची कमांड आहेच.’’ हे ऐकले की तळपायाची आग मस्तकात जाते, कारण बोलणाऱ्याने जुन्या फाइली आपोआप नव्या रूपात आणणाऱ्या त्या कमांडचा परिणाम कधी उघडून पाहिलेला नसतो आणि ग्राहकाकडे काही बिघडले की खापर मात्र इन्स्टॉलर करणाऱ्यावर फुटते.

अपग्रेडला माझा विरोध नाही. तिसऱ्या आवृत्तीचा आधार २०२५ मध्ये संपला आहे, तेव्हा आज ना उद्या तिथून हलावेच लागणार. माझा संताप आहे तो या कामाला काम न मानण्याच्या वृत्तीवर.

२०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने जवळजवळ सगळी मांडणी बदलली. इन्स्टॉलर बांधणारे कॅन्डल आणि लाइट हे दोन वेगळे प्रोग्रॅम जाऊन विक्स नावाची एकच कमांड आली, विक्सच्या फाइली ज्यात लिहितात त्या एक्सएमएलचा नेमस्पेस (टॅग कोणत्या आवृत्तीचे हे सांगणारे नाव) बदलला, प्रॉडक्ट हा घटक गेला आणि त्याचे काम पॅकेजकडे आले, तर जुन्या पॅकेज घटकातली माहिती समरी इन्फर्मेशनमध्ये गेली. टॅगच्या आत लिहिलेल्या अटी अॅट्रिब्यूटमध्ये आल्या आणि एक्स्टेन्शनची नावेही नवी झाली. यातला बराचसा भाग कन्व्हर्टची कमांड नीट करते, हे मी नाकारत नाही. पण ती विक्सच्या फाइली बदलते. त्या फाइलींच्या भोवती वर्षानुवर्षे जे साचलेले असते, त्याला ती हात लावत नाही.

एकच उदाहरण देतो. बिल्ड फोल्डरमधल्या फाइली गोळा करण्यासाठी आम्ही हीट ही विक्सचीच कमांड वापरत होतो आणि नको त्या फाइली गाळण्यासाठी तिला एक्सएसएलटीची (एक्सएमएल बदलण्याच्या नियमांची) एक छोटी फाइल जोडलेली होती. त्या फाइलीत नेमस्पेस जुना, २००६ सालचा. नवी हीट नव्या नेमस्पेसमध्ये लिहिते, त्यामुळे गाळणीचा एकही नियम कशालाच लागू होत नाही आणि सगळ्या फाइली जशाच्या तशा पुढे जातात. एरर येत नाही, वॉर्निंगही येत नाही, बिल्ड हिरवे, म्हणजे यशस्वी दिसते. एमएसआय (तयार इन्स्टॉलर पॅकेज) उघडून त्यातल्या फाइलींची यादी असलेले फाइल टेबल पाहिले तेव्हा त्यात फक्त चुका शोधायला लागणाऱ्या पीडीबी फाइली होत्या आणि आमच्या टेस्ट सर्व्हरचे नाव असलेली सेटिंग फाइलही होती. ते पॅकेज हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंग कारखान्यात पोचले असते, तर दाराबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना वजनकाट्याचा संगणक नागपूरच्या टेस्ट सर्व्हरला शोधत बसला असता. हे अर्ध्या दिवसात सापडत नाही. ते शोधायला वेळ लागतो आणि तोच वेळ कोणी मंजूर करत नाही.

याहून नाजूक प्रश्न ग्राहकाच्या मशीनवर आधीपासून असलेल्या जुन्या आवृत्तीचा आहे. विंडोज इन्स्टॉलर (पॅकेज बसवणारा विंडोजचा भाग) जुने उत्पादन अपग्रेड कोडवरून, म्हणजे त्याच्या सर्व आवृत्त्यांना समान असलेल्या ओळख-क्रमांकावरून ओळखतो, आवृत्तीच्या आकड्यातले पहिले तीनच भाग मोजतो, आणि जुने पॅकेज एका वापरकर्त्यापुरते व नवे संपूर्ण मशीनसाठी असेल, तर त्याला जुने दिसतच नाही. मग यादीत एकाच सॉफ्टवेअरच्या दोन नोंदी राहतात आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट नेमका कोणत्या आवृत्तीचा, हे नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याला फोनवरून विचारावे लागते. यावर उपाय एकच: जुन्या आवृत्त्या टाकलेली व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले चाचणीचे संगणक) तयार ठेवायची, प्रत्येकीवर नवे पॅकेज चालवायचे आणि सविस्तर लॉग वाचायचा. अशी मशीन मी मागितली, तेव्हा ‘‘इन्स्टॉलरसाठी एवढा खर्च कशाला?’’ असे उत्तर मिळाले. ज्या सॉफ्टवेअरवर ग्राहकाचा हंगाम चालतो, ते त्याच्या संगणकावर नीट पोचवण्याचा खर्च यांना वायफळ वाटतो!

पाचव्या आवृत्तीबद्दलही असाच गैरसमज पसरवला जातो. २०२४ मध्ये ती आली तेव्हा विक्सची भाषा चौथीशी जुळणारीच राहिली, नेमस्पेससुद्धा तोच, म्हणून ‘‘चारवरून पाचवर जायला काहीच लागत नाही’’ असे सांगितले जाते. ज्यांचा इन्स्टॉलर साध्या एमएसआयचा आहे त्यांच्यापुरते ते बरोबर असेल. आमच्या बंडलला (अनेक पॅकेज एकत्र बसवणाऱ्या इन्स्टॉलरला) मराठी पडदे दाखवणारे स्वतःचे बूटस्ट्रॅपर अॅप्लिकेशन आहे. पूर्वी ते डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणारी फाइल) म्हणून बर्नच्या, म्हणजे बंडल चालवणाऱ्या विक्सच्या इंजिनाच्या प्रक्रियेतच चालत असे. पाचव्या आवृत्तीत ते स्वतंत्र ईएक्सई म्हणून वेगळ्या प्रक्रियेत चालवावे लागते. म्हणजे प्रोजेक्टचा प्रकार, सुरुवातीचा कोड आणि त्यावरची सगळी तपासणी नव्याने करायची. हे मी लेखी कळवले होते, तरीही वेळापत्रकात त्या कामासमोर अर्धाच दिवस लिहिलेला आहे.

कापसाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच्या तोंडावरच नवे पॅकेज पाठवण्याची घाई चालली आहे. मला जुन्या आवृत्त्यांची चाचणी-मशीन द्या, बिल्डच्या सर्व बॅच फाइली आणि एक्सएसएलटी तपासायला वेळ द्या, बूटस्ट्रॅपरचे काम वेगळे धरा. हे होईपर्यंत तिसऱ्या आवृत्तीतले, तपासून झालेले पॅकेजच ग्राहकांकडे राहू द्यावे; न तपासलेल्या पॅकेजच्या प्रकाशन-पत्रकावर मी सही करणार नाही, आणि हे मी पुढच्या बैठकीत सर्वांसमक्ष सांगणार आहे.