मिनॉक्सिडिलमुळे केस गळतात का? : खुलासा

मिनॉक्सिडिल हे केसगळतीवर टाळूला लावायचे औषध. ‘मिनॉक्सिडिल लावताच केस अधिक गळू लागतात, म्हणजे ते मुळांनाच मारते’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील निरीक्षण खरे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. स्त्रियांच्या आनुवंशिक केसगळतीत, म्हणजे भांग हळूहळू रुंदावत जातो तेव्हा, हे औषध विश्रांतीच्या अवस्थेतील मुळांना पुन्हा वाढीकडे वळवते, आणि त्यामुळे सुटायला आलेले जुने केस पहिल्या काही आठवड्यांत एकदम गळतात. नेमक्या याच टप्प्यावर अनेकजणी बाटली फेकून देतात. फरक दिसायला साधारण चार ते सहा महिने लागतात. वापर थांबवल्यास लाभही ओसरतो. गरोदरपणात आणि स्तनपान करताना ते टाळावे. केसगळतीचे कारण वेगळेही असू शकते, म्हणून लोहाची कमतरता व थायरॉइडची तपासणी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने आधीच करून घ्यावी.