मोबाईलमधल्या ‘खोट्या पिवळ्या’चा मेसेज डिलीट करा

खानापूरच्या आत्यांना आलेला मेसेज आता बेळगावातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. म्हणे मोबाईल-टीव्हीत पिवळा रंग नसतोच, लाल-हिरवा मिसळून डोळ्यांना फसवतात, त्यानं पोरं रंगांधळी होतात, एलईडीचा पांढरा पण बनावट, आणि उपाय काय तर रोज उगवत्या सूर्याकडं उघड्या डोळ्यांनी पाच मिनिटं बघा. आत्यांनी नातवाला गच्चीवर उभं करायला सुरू पण केलं!

हे आधी थांबवा. सूर्याकडं टक लावून बघितलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि पडद्याला वेदना कळत नाही, म्हणजे पोरगं रडणार नाही, तक्रार करणार नाही, नजर मात्र अधू होईल, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा बहुतेक वेळा जन्मापासूनच असतो, एक्स गुणसूत्रावरनं येतो, म्हणून मुलग्यांच्यात जास्त. त्यात स्क्रीनचा काय संबंध?

आता पिवळा. स्क्रीनवर पिवळा ठिपका नसतो, हे मान्य. पिवळ्या फोटोवर पाण्याचा बारीक थेंब ठेवून बघा की, लाल आणि हिरवे ठिपके सुटे दिसतील. पण डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या. ५८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एकटा पिवळा प्रकाश आला तरी त्यातल्या दोन प्रकारच्या पेशी जाग्या होतात, लाल-हिरवा योग्य प्रमाणात मिळून आला तरी त्याच, तेवढ्याच. मग मेंदूनं फरक कशावरनं करायचा? १९२०च्या दशकात राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडात माणसं बसवून लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करत समोरच्या रंगाशी जुळवायला लावलं, त्यावरच रंग मोजायचं १९३१चं आंतरराष्ट्रीय सीआयई मानक उभं आहे. त्या माणसांच्या घरी कुठला स्क्रीन होता डोळे बिघडवायला?

‘रंगपेटीतला लाल-हिरवा मिसळून मातकट होतो’ हा मेसेजमधला मुद्दा तर सोडाच, रंगपेटीतले रंग प्रकाश शोषतात, स्क्रीनमधले दिवे प्रकाशात भर घालतात.

एलईडीचं थोडं खरं आहे. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर (निळा प्रकाश पडला की पिवळा उजळणारा थर) लावून पांढरा करतात, त्यात गडद लाल कमी पडतो, म्हणून शहापूरच्या साडीचा शेड दुकानात एक आणि उन्हात दुसरा दिसतो. शेड चुकेल, डोळे रंगांधळे होणार नाहीत.

नातू रंग चुकतो अशी शंका असली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या, त्यांच्याकडं ठिपक्यांचे इशिहारा तक्ते असतात, आकडे वाचायला लावतात, लगेच कळतं.