सुईची घाई कशाला, पाव्हणं?

जनावरांच्या दवाखान्यातली माणसं गुरांच्या लम्पी रोगाची लस घेऊन वस्तीवर येणार असं कळलं, की सगळ्यात आधी घरातून निघा. उसाला पाणी सोडायचंय म्हणून सांगा. आपली लाईट रात्रीची आहे हे त्यांना कुठं ठाऊक? ते म्हणतील, बाटली एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, उद्यापर्यंत टिकत नाही. म्हणू द्या. बर्फाचा डबा त्यांचा आहे.

अगदी बांधावर गाठलंच, तर कारणांना तोटा नाही. सुई टोचली की दोन दिवस दूध उतरतं आणि डेअरीच्या मापात लिटरभर कमी भरलं तर संसार उघड्यावर पडतो. लम्पी झाल्यावर ताप येतो, अंगभर गाठी उठतात, पाय सुजतात, गाय वैरणीला तोंड लावत नाही. तेव्हा किती लिटर जातं, तो हिशेब तेव्हा करू.

शिवाय ही लस म्हणे शेळ्यांच्या देवी रोगाची! ज्या खिलार खोंडाला सांगोल्याच्या बाजारात लाखाला मागितलं, त्याला शेळीची सुई? दोन्ही विषाणू एकाच कुळातले, म्हणून एकाची लस दुसऱ्यालाही चालते, असं डॉक्टर समजावत बसतील. तुम्ही खोंडाच्या शिंगांकडं बघत राहा.

त्यात लस फुकट. फुकटच्या औषधाला गुण असतो का कुठं? गुण यायचा तर गाठी दिसल्यावर खाजगी डॉक्टर, सलाईन आणि मोबाईलवर आलेला काढा हवा. विड्याची पानं, मिरी, मीठ, गूळ वाटता वाटता घरातल्या बायकांचे हात दुखतील, पण एक मिलिलिटर लशीपुढं हे बरं.

डास, माशा, गोचीड रोग पसरवतात म्हणे. मग उकिरडा गोठ्याला खेटूनच राहू द्या, लक्ष्मी आहे ती. बाजारातून आणलेली गाय थेट दावणीला बांधा. नव्या पाहुणीला लांब बांधणं बरं दिसतं का? आणि काही झालंच तर सरकार आहे की! 2022 च्या साथीत दुभती गाय गेली तर 30 हजार, बैल गेला तर 25 हजार आणि वासरू गेलं तर 16 हजार ठरले होते. तेवढ्यात दुभती गाय कोण देतो, ते बाजारात एकदा विचारून या. (मला सांगू नका, मी विचारून आलोय.)

लस घ्यायची खरी वेळ एकच, शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्या की. तेव्हा रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावा. लस अंगी लागायला तीनेक आठवडे जातात आणि रोग तोवर रक्तात उतरलेला असू शकतो, पण ही माहिती आपल्याला नको. चार दिवसांनी गाठी उठल्या की पारावर बसून सांगायला मोकळे: "सुईनंच लम्पी झाला!"

आमच्या भावकीतल्या अण्णांनी हे सगळं मन लावून पाळलं. लसीकरणाच्या दोन्ही खेपांना ते पाणी द्यायला गेले होते. तिसऱ्या खेपेला डॉक्टर पंचनाम्याला आले, तेव्हा मात्र अण्णा घरीच होते.