म्हातारा मारून गोष्ट संपवू नका

परभणीकडच्या आमच्या जिंतूर भागातल्या चार-पाच पोरांनी मिळून एक शॉर्ट फिल्म केलीय. १७ मिनिटांची. मोबाइलवर शूट, कॉलरला लावायचा एकच माइक (तो ज्याचं वाक्य असेल त्याच्या शर्टावरून दुसऱ्याच्या शर्टावर फिरायचा), रात्रीच्या सीनला उजेड म्हणून बोलेरोचे हेडलाइट. पैसा गेला तो बहुतेक जेवणात अन् पेट्रोलात. पोरं म्हणाली, "सर, तोंडदेखलं नका लिहू." म्हणून लांबलचक लिहितोय.

दोन भाऊ. थोरला पुण्यात कंपनीत, धाकटा गावात. आई आधीच गेलेली. बापाला लकवा मारलाय, उजवी बाजू लुळी. असल्या गोष्टीत कॅमेरा ठरल्यासारखा थोरल्याच्या मागं जातो. त्याची तगमग, त्याचा ट्रॅफिक, रात्री बाल्कनीत उभं राहून गावाकडची आठवण. या पोरांनी कॅमेरा धाकट्याच्या घरातून हलूच दिला नाही. तिथंच मी त्यांना निम्मे मार्क देऊन टाकले.

एक सीन सांगतो. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. बाराला थ्री फेज येणार, हरभऱ्यावर तुषार चालवायचे, पाइप या सरीतून त्या सरीत न्यायचे. इकडं डॉक्टरनं बजावलंय, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा पडतील. पोरगं बापाला कुशीवर करतं. पाठीमागं गोधडीची वळकटी लावतं. गुडघ्यांच्या मधे उशी सरकवतं. तांब्या डाव्या हाताशी ठेवतं, कारण उजवा उचलत नाही. बॅटरी घेऊन निघतं, उंबऱ्यातून माघारी येतं अन् वळकटी अजून जरा आत दाबतं. मग शेत. पाइप. मोबाइलमध्ये वेळ बघणं. पळत घरी. कूस. परत शेत. संवाद एक नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं घरात कुणाचं तरी केलेलं असणार, नुसत्या डोक्यातून वळकटी सुचत नाही.

(एक गंमत. शूटिंग एप्रिलमधलं, तेव्हा रानात हरभरा कुठला? जवळून जे हिरवं दिसतं ते कुणाच्या तरी गोठ्याजवळचं लसूणघास आहे. अन् थंडीचा सीन असून पोरगं घामानं डबडबलंय. शहरातल्या परीक्षकांना यातलं काही कळायचं नाही, बिनधास्त पाठवा.)

दुसरा सीन बायोडाटाचा. सोयरीक जमवणारे एक काका ओट्यावर बसलेत, पोराचा कागद दुरुस्त करायलेत. "शेती काट. स्वतःचा व्यवसाय लिही." पोरगं विचारतं, कोणता? "लिही तर खरं." मग काका आवाज खाली आणतात. "आन् आबाचं काही लिहू नको. पोरीवाले आल्यावर आबाला दोन दिवस आत्याकडं ठिवू." आतल्या खोलीतून म्हातारा खोकतो. एवढंच. थिएटरमध्ये याला हशा येईल, अन् यायलाच पाहिजे. आमच्या गावात शेती करणारी तिशी ओलांडलेली बिनलग्नाची पोरं पारावर दिसतात, प्रत्येकाच्या घरी असा एक काका येऊन गेलेला आहे.

मला या फिल्ममध्ये जे दिसलं ते हे. घरासाठी करायचं की स्वतःचं आयुष्य जगायचं, असा प्रश्न आपण नेहमी गेलेल्या पोराला विचारतो. राहिलेल्याला कुणी विचारतच नाही. तो राहिला म्हणजे त्याची हौसच होती असं सगळे धरून चालतात. दोघंही निघायच्या तयारीत होते, थोरल्याला आधी नोकरी लागली, एवढाच फरक. थोरला महिन्याला पैसे पाठवतो, दिवाळीला येतो, येताना बापाला स्वेटर आणतो. गाव म्हणतं, पोरगं असावं तर असं. धाकटा रोज हागणं-मुतणं काढतो, त्याला गाव म्हणतं, घरीच असतंय की, दुसरं काम काय त्याला. मान एकाला, कमोड दुसऱ्याला. अन् लग्नाच्या बाजारात दोघांची किंमत काय लागते ते वर आलंच.

सरकारचंही माप पैशाचंच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं आई-बाप त्यांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करू शकतात, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १५०० रुपये. दोन्ही हवेच, माझी तक्रार नाही. पण रात्री दोनला कूस बदलायला कोणत्या न्यायाधिकरणानं माणूस पाठवायचा? थोरला भाऊ कायद्याच्या हिशेबात पूर्ण निर्दोष सुटतो.

घर की स्वतःचं आयुष्य हा पेच मोबाइलच्या पिढीनं आणला, असं गावातले जाणते म्हणायलेत. फिल्म दाखवली तेव्हा एक महाराज तर थेट पुंडलिकापर्यंत गेले. बरोबर आहे, पुंडलिकानं आई-बापाची सेवा चालू असताना देवाला वीट दिली अन् थांब म्हणला. पण महाराज, त्याच विठोबापायी नामदेवांनी घराकडं पाठ फिरवली, अन् नामदेव तर आपल्या शेजारच्या नर्सीचे! त्यांची आई गोणाई विठोबाशी भांडते, माझं लेकरू मला परत दे म्हणते, बायको राजाई घरातल्या फाटक्या संसाराचं गाऱ्हाणं घालते, हे सगळं गाथ्यात आहे. एकानं आई-बापासाठी देव थांबवला, दुसऱ्यानं देवासाठी आई थांबवली. आपण दोघांच्याही नावानं टाळ वाजवतो अन् पोरांना मात्र एकाचंच उदाहरण देतो. वारकऱ्यांचं मोठेपण मला यात वाटतं की त्यांनी गोणाईचं भांडण गाळून टाकलं नाही.

आता माझं भांडण.

चौदाव्या मिनिटाला म्हातारा मरतो. सकाळी चहा घेऊन पोरगं येतं, हाक मारतं, बासरी सुरू होते, ड्रोन वर जातो. (हा ड्रोन कुणाच्या तरी लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून अर्ध्या दिवसासाठी आणला होता, अन् आणलाच आहे म्हणून वापरलाय.) थोरला येतो, रडतो, धाकट्याच्या गळ्यात पडतो. संपली.

बाबांनो, ही पळवाट आहे. म्हातारा मारला की पेच सुटतो, कुणालाच काही ठरवावं लागत नाही. थोरल्याला माफी फुकटात, धाकट्याला सुटका फुकटात. अन् खऱ्या घरात म्हातारं असं वेळेवर मरत नसतं. आमच्या नात्यात एक चुलते वर्षानुवर्षं अंथरुणात होते. पहिल्या वर्षी माणसं भेटायला यायची, सफरचंद आणायची. नंतर यायची बंद झाली. करणारी चुलती मात्र तीच, तिचे गुडघे गेले तरी तीच. "सुटले बिचारे" हे वाक्य चुलते गेल्यावर सगळ्यांनी म्हणलं, चुलती कशातून सुटली ते कुणी काढलं नाही. ती लांबण, तो कंटाळा, मनात एखाद्या रात्री येऊन जाणारा वाईट विचार अन् सकाळी पुन्हा भाकर कुस्करून दुधात भिजवणं, हे १७ मिनिटांत दाखवणं अवघड आहे, कबूल. पण वळकटीचा सीन ज्यांना जमला त्यांना ते जमलं असतं.

बाईच्या बाबतीत फिल्म कच्ची आहे. थोरल्याची बायको फोनवरचा आवाज म्हणून येते अन् तेवढ्यात वाईट ठरते. एवढं सोपं लिहायचं असेल तर टीव्हीवर रोज चालूच आहे की.

आबा झालेले गृहस्थ भजनात मृदंग वाजवतात, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. निजल्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी त्यांनी सगळ्यांना खाल्लंय. संवादात कुठं कुठं मोटारीची घरघर येते, ती मला तरी खटकली नाही.

डायरेक्टर पोराला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणला, "सर, आबाला जिता ठिवला तर संपवायचं कुठं?" मी म्हणलं, संपवू नको, पुण्याला ने. धाकट्याला आठ दिवस सुट्टी दे, आबाला थोरल्याच्या फ्लॅटमध्ये ठेव. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा-बायको दोघंही नोकरीवर. मग बघ कोण काय बोलतंय, अन् त्या वहिनीलाही तोंड दे.

तो लिहायला बसलाय. लिफ्ट नसलेला असा वन बीएचके पुण्यात दोन दिवसांच्या शूटिंगसाठी कुणी देणार असेल तर कळवा. भाडं नाही, जेवण मिळेल.